अनुदान आणि पदरमोड

मंडळाच्या स्मरणिकेत वर्षाचा अहवाल असतो, देणगीदारांची यादी असते, दोनचार भगिनींचे लेख असतात आणि शेवटी जमाखर्चाचे पान असते. हे शेवटचे पान बहुधा कोणी वाचीत नाही. गेली काही वर्षे ते पान तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून चिटणीसबाईंनी लेख मागितला तेव्हा मी ठरविले की, यंदा जमाखर्चाच्या पानामागचा इतिहासच भगिनींपुढे मांडावा.

त्याला निमित्तही तसेच आहे. या वार्षिक सभेपुढे दोन ठराव यावयाचे आहेत. आपल्या पाळणाघरासाठी सरकारी अनुदानाचा अर्ज करावा की नाही, हा पहिला. पूर, आग, साथ अशा प्रसंगी वस्तीतल्या कुटुंबांना तत्काळ हात देण्यासाठी मंडळाने कायमचा निधी बाजूला ठेवावा की नाही, हा दुसरा. कार्यकारिणीत या दोन्ही प्रश्नांवर दोन तट पडले आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, सरकारचा पैसा आला की सरकारचा जाच आला. आजवर पापड-मसाल्यावर आणि वर्गणीवर चालले, तसेच पुढे चालावे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, मीठ-मिरची घेतानाही आपण कर भरतो, मग आपल्याच पैशाला हात लावावयाला संकोच कसला? दोन्ही पक्षांत माझ्या मैत्रिणी आहेत आणि दोघींच्याही बोलण्यात तथ्य आहे. तेव्हा कोणाची बाजू घेण्यापूर्वी, आपल्याच मुलुखात आजवर संकटाच्या वेळी सरकारी पैसा कसा आला, कोणाच्या हाती गेला आणि त्यातून काय उभे राहिले, हे पाहणे उपयोगाचे होईल.

दुष्काळाचा पैसा

आरंभ १८७६ सालापासून करावा लागतो. त्या वर्षी दख्खनमध्ये पावसाने दगा दिला आणि पुणे, सोलापूर, अहमदनगर, सातारा या जिल्ह्यांत भीषण दुष्काळ पडला. सरकारने मदत दिली ती कामाच्या रूपाने. रस्ते बांधा, तळी खणा आणि मजुरी घ्या. परंतु जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल हे व्हाइसरॉयचे प्रतिनिधी म्हणून आले आणि त्यांनी काटकसरीसाठी मजुरी उतरविली. पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. बाईला त्याहून कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे एवढ्यात पोट भरत नाही, हे सांगावयाला पंडित लागत नाही. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची हकीकत गोळा करून ती सरकारपुढे मांडली.

त्याच काळात सावित्रीबाई फुले जुन्नर तालुक्यात ओतूर येथे होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. दुष्काळाने माणसे आणि जनावरे कशी हवालदिल झाली आहेत आणि सत्यशोधक मंडळी मदतीचे काम कसे करीत आहेत, याचा तपशील त्यात आहे. पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय सत्यशोधक समाजाने केली, तीही त्याच वर्षी. सरकारी कामावर मजूर म्हणून नाव लागण्याइतके वय आणि बळ ज्यांना नव्हते, त्या लेकरांना जेवू घातले ते अशा लोकांनी. म्हणजे सरकारी मदत आणि लोकांची पदरमोड या दोन गोष्टी दीडशे वर्षांपूर्वीही बरोबरीनेच चालल्या होत्या.

या दुष्काळानंतर सरकारला शहाणपण सुचले. दरवर्षी दीड कोटी रुपये दुष्काळासाठी बाजूला ठेवावयाचे असे १८७८ मध्ये ठरले आणि त्यासाठी नवे करही बसविले गेले. यालाच दुष्काळ विमा निधी असे म्हणत. पण लगेच अफगाण युद्ध आले आणि ठरलेली रक्कम ठरलेल्या कामी न वापरता अन्य खर्चात ओढली गेली. दुष्काळाच्या नावाने कर घेतला आणि युद्धाला खर्च केला, अशी टीका तेव्हापासून पुष्कळ वर्षे होत राहिली. भगिनींनो, मी हिशेब लिहावयाला बसते तेव्हा ही गोष्ट मला नेहमी आठवते. ज्या नावाने पैसा घेतला त्याच नावाखाली तो खर्च झाला पाहिजे, हा नियम कोणा कारकुनाने आपल्याला छळावयास काढलेला नाही. तो मोडला की उपाशी माणसाचा घास जातो.

पुढे १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यावरून दुष्काळसंहिता तयार झाली. केव्हा कामे काढावीत, कोणाला फुकट शिधा द्यावा, हे तीत लिहिले गेले. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी शेतकऱ्याला तगाई म्हणजे सरकारी कर्ज मिळू लागले. विहीर खणावयाला, बैल-बियाणे घ्यावयाला त्याचा उपयोग झाला. परंतु तगाई ज्याच्या नावावर जमीन त्याला. आपल्या आज्या-पणज्यांच्या नावावर जमीन कोठली? शेतात राबणे त्यांच्या वाट्याला होते, पण सातबाऱ्यावर नाव नव्हते. मदतीच्या यादीत बाई का दिसत नाही, याचे एक उत्तर तेथेच सापडते.

स्त्रियांच्या हाती आलेले पहिले चार कोटी

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटावयाला एक बाई कारण झाल्या. त्यांचे नाव दुर्गाबाई देशमुख. आंध्रातल्या या बाईंची लहानपणची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९२३ मध्ये काकिनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले असता, चौदा वर्षांची दुर्गाबाई प्रदर्शनाच्या दाराशी स्वयंसेविका म्हणून उभी होती. तिकिटाशिवाय कोणाला आत सोडू नये असा तिला हुकूम होता. जवाहरलाल नेहरू आले, त्यांच्याजवळ तिकीट नव्हते. मुलीने त्यांना अडविले. तिकीट आणल्यावरच त्यांना आत जाता आले. पुढे याच बाई मद्रासला आंध्र महिला सभेच्या संस्थापक झाल्या, घटना समितीच्या सभासद झाल्या आणि नियोजन आयोगावर गेल्या. जानेवारी १९५३ मध्ये त्यांचा विवाह चिंतामणराव देशमुखांशी झाला. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले हे आपले देशमुख तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांना साहाय्य देण्यासाठी चार कोटी रुपये ठेवण्यात आले होते. आज चार कोटींना कोणी मोठे म्हणणार नाही, पण त्या वेळी ही रक्कम लहान नव्हती. महत्त्वाचे असे की, सरकारी खात्याने स्वतः अनाथाश्रम आणि बालवाड्या काढण्याऐवजी, ज्या संस्था हे काम आधीपासून करीत आहेत त्यांनाच पैसा द्यावा, हे तत्त्व येथे मान्य झाले. या मंडळावर आणि पुढे राज्याराज्यांत निघालेल्या सल्लागार मंडळांवर बिनसरकारी स्त्री कार्यकर्त्यांना मोठे स्थान मिळाले. १५ ऑगस्ट १९५४ पासून खेड्यांत कल्याण विस्तार योजना सुरू झाल्या. सुमारे पंचवीस गावांचा एक गट, त्यात बालवाडी, बाळंतपणाची सोय, शिवणकाम, साक्षरतेचे वर्ग. १९५८ पासून प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम निघाले. शाळा सुटलेल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या किती तरी बायका त्यांतून परीक्षा देऊन शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका झाल्या.

पण हा पैसा फुकाचा नव्हता. संस्था नोंदलेली असली पाहिजे, तिचे हिशेब तपासलेले असले पाहिजेत, आणि अनुदानाच्या जोडीला संस्थेने आपलाही वाटा उभा केला पाहिजे, अशा अटी होत्या. आपल्या राज्यातल्या अनेक महिला मंडळांनी भजन, हळदीकुंकू आणि भिशी यांच्या पलीकडे जाऊन घटना लिहिली, कार्यकारिणी निवडली, कीर्द-खतावणी ठेवावयाला सुरुवात केली, त्याला या अटी पुष्कळ अंशी कारण आहेत. घरखर्चाचा हिशेब बाई पूर्वीही चोख ठेवीत असे, पण तो चार भिंतींच्या आत. सभेपुढे हिशेब वाचून दाखविणे आणि चारजणींच्या शंकांना उत्तर देणे ही निराळी गोष्ट आहे. अनुदानाने पैसा किती आला हे महत्त्वाचे आहेच. पण चारचौघींत हिशेब देण्याची सवय त्याने लावली, हेही कमी महत्त्वाचे नाही.

पानशेतचे पाणी

आता आपल्या वस्तीच्या इतिहासाकडे येते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचे पानशेतचे धरण फुटले. त्याचे काम अजून पुरते झालेले नव्हते. तो लोंढा खाली आला आणि खडकवासल्याचे धरणही फुटले. मुठेच्या काठच्या नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांत आणि डेक्कनच्या बाजूला पाणी शिरले. शेकडो जीव गेले, हजारो कुटुंबे बेघर झाली. ज्या खडकवासल्यातून शहराला पाणी मिळे तेच गेल्यामुळे, चहूकडे पूर आणि प्यावयाला पाणी नाही अशी अवस्था झाली. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन अवघे चौदा महिने झाले होते.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने पुनर्वसनाची जबाबदारी स. गो. बर्वे या कर्तबगार अधिकाऱ्याकडे सोपविली. पूर्वी पुण्याचे महापालिका आयुक्त राहिलेले असल्यामुळे त्यांना शहर ठाऊक होते. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावे आज पत्त्यावर सहज लिहिली जातात. त्यांच्या मुळाशी हा पूर आहे. कोठे पत्र्याच्या अर्धगोल निसेन झोपड्या, कोठे चाळी, कोठे पूरग्रस्तांच्या सहकारी गृहसंस्था. सरकारने जागा आणि साहाय्य द्यावयाचे, सभासदांनी आपला वाटा घालावयाचा आणि घरे उभी करावयाची, अशी ती पद्धत. येथेही अनुदान आणि पदरमोड यांची जोडी होतीच.

माझ्या सासूबाई त्या पुरातून आलेल्या. पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांचे त्यांचे बिऱ्हाड होते. त्या पुराविषयी फारसे बोलत नसत. पण कधी बोलल्या तर पाण्याची उंची, आरडाओरडा हे काही सांगत नसत. त्या याद्यांविषयी बोलत. भांड्यांची यादी, कपड्यांची यादी, धान्याची यादी. काय गेले ते लिहून द्या, असे सांगितले गेले, तेव्हा त्यांनी आठवून आठवून पळी, झारा, पाटा-वरवंटा, शेवयांचा पाट असे सारे लिहविले. पण त्यांनी शिवणाच्या कामातून साठविलेले आणि डब्यात ठेवलेले पैसे मात्र त्यांना लिहविता येईनात. कारण ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. पूर त्या पैशांनाही घेऊन गेला, पण कोणत्याच यादीत ते गेले नाहीत.

दुसरी एक हकीकत त्या सांगत. त्यांच्या वाड्यातली एक विधवा बाई मदतीसाठी एका कार्यालयात गेली. तिला सांगण्यात आले की, कुटुंबप्रमुखाला पाठवा. तिने सांगितले, प्रमुख मीच. तेव्हा मुलाचे नाव घातले गेले. मुलगा नऊ वर्षांचा होता. पुढे ती बाई कित्येक वर्षे हसून म्हणत असे की, आमच्या घरचा कर्ता पुरुष चौथीत शिकतो. त्यात कारकुनाचा दुष्टपणा असेलच असे मला वाटत नाही. कागदावर जो रकाना होता त्यात बाई बसत नव्हती, एवढेच. आणि वाड्यांतून राहणारे बहुतेक लोक भाडेकरू. ज्याची भिंत पडली त्याचे नुकसान मोजणे सोपे. भाड्याच्या खोलीतला संसार गेला त्याचे मोजमाप अवघड. पूरग्रस्तांच्या अनेक वसाहतींत जागेच्या मालकीचा प्रश्न त्यानंतर कित्येक दशके रेंगाळत राहिला, हे आपण सर्वजणी जाणतोच. पुनर्वसन म्हणजे छप्पर मिळाले की झाले, असे नव्हे. कागद हाती येईपर्यंत ते पुरे होत नाही.

कामाचा हक्क आणि झाडाखालचा पाळणा

त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. या वेळी सरकारने सर्वत्र कामे काढली: खडी फोडणे, नाला-बांध, पाझर तलाव, रस्ते. मे १९७३ च्या सुमारास सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती, आणि त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. सुकडी आणि मिलो हे शब्द त्या पिढीच्या तोंडून आजही ऐकू येतात. शहरांतून त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारीपणाखाली बायकांनी महागाईविरुद्ध लाटणी हाती घेतली.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर लागू झाली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे त्याचे सूत्र. एवढ्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? १९७५ मध्ये व्यवसायकर बसविण्यात आला. ज्या भगिनी नोकरी करीत आल्या त्यांच्या पगारपत्रकात दरमहा ही लहानशी कपात दिसत असे. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराची हमी, अशी ती योजना होती.

टेंपलसाहेबांच्या एक पौंड धान्यापासून येथवरचे अंतर ध्यानात घ्या. १८७७ मध्ये बाईला कमी मजुरी होती. रोजगार हमीत एकाच कामाला स्त्री-पुरुषांना एकच दर. १८७७ मध्ये कामावर येणे ही दया होती. आता तो हक्क झाला. आणि कामाच्या जागी पिण्याचे पाणी व मुलांसाठी पाळणाघर असावे, अशी तरतूद झाली. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी पाळणाघर म्हणजे झाडाला बांधलेली झोळी आणि लक्ष ठेवावयाला एखादी म्हातारी एवढेच असे. तरी पण आईच्या मजुरीबरोबर मुलाच्या पाळण्याचाही विचार सरकारी कागदावर आला, ही गोष्ट लहान नाही. पाळणाघराचे अनुदान म्हणजे दान नव्हे, हे आपल्या सभेत ज्यांना पटवून द्यावयाचे असेल त्यांनी हा दाखला द्यावा. पुढे २००५ मध्ये देशभरासाठी जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्याला आपल्या राज्याचा हा अनुभव मार्गदर्शक ठरला.

किल्लारी: महिला मंडळांचा वाटा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन होऊन गावे नुकतीच झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा धाबा. ती घरे माणसांवर कोसळली. जवळजवळ आठ हजार माणसे गेली.

पुनर्वसनासाठी राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने मोठा कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसवावयाची ठरली. त्याखेरीज तेरा जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि बळकटी करावयाची होती. हे दुसरे काम ठेकेदाराने करावयाचे नव्हते. घरमालकाच्या खात्यात हप्त्याहप्त्याने पैसे जमा व्हावयाचे, त्याने काम करून दाखवावयाचे, अभियंत्याने पाहावयाचे आणि मग पुढचा हप्ता मिळावयाचा. कागदावर पद्धत चांगली. पण बँकेत कधी न गेलेल्या माणसाला हप्ता कसा मिळावा? दाराच्या वर आडवी पट्टी का घालावयाची, कोपरे बांधून का घ्यावयाचे, हे कोणी सांगावे?

येथे महिला मंडळे पुढे आली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली सरकारशी बोलणी करून लोकसहभागाची जबाबदारी घेतली. हजाराहून अधिक गावांत स्थानिक बायकांच्या गटांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. या बायका घरोघर गेल्या. कोणाचे खाते उघडले, कोणाचे नाही, कोणाचा हप्ता अडला, हे त्यांनी पाहिले. भूकंपात भिंत का पडते, हे त्यांनी शिकून घेतले आणि गवंड्याच्या कामावर नजर ठेवली. सरकार आणि गाव यांच्यामध्ये बोलणारा माणूस पूर्वी पाटील असे किंवा पुढारी असे. येथे तो मान महिला मंडळाला मिळाला. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका गुजरातेत गेल्या आणि आपला अनुभव तेथल्या बायकांना सांगून आल्या. साहाय्य घेणारी बाई साहाय्य देणारी झाली, याहून मोठे पुनर्वसन ते कोणते?

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जी गावे नव्या जागी वसली, त्यांत कित्येक ठिकाणी सरळ रेषांचे रुंद रस्ते आणि दूरदूर घरे अशी शहरी आखणी झाली. शेते लांब पडली, शेजार तुटला. पाणवठा, ओटा, दारात बसून धान्य निवडावयाची जागा यांचा विचार नकाशात थोडाच होतो? जेथे बाईला विचारले गेले नाही, तेथे घरे मजबूत झाली पण घरपण यावयाला फार वर्षे लागली. म्हणजे एकाच कार्यक्रमात दोन्ही धडे आहेत.

आजची व्यवस्था

पूर्वी संकट आले की त्या त्या वेळी मदत जाहीर होई. १९९० पासून वित्त आयोगाच्या शिफारशीने प्रत्येक राज्यासाठी आपत्ती निधी ठरू लागला. त्यात केंद्राचे तीन वाटे आणि राज्याचा एक वाटा असे. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, आणि २०१० पासून राज्य आपत्ती प्रतिसाद निधी हे नाव रूढ झाले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आणखी एक चांगली गोष्ट केली. सगळा पैसा संकटानंतरच न वापरता त्यातला पाचवा हिस्सा संकट सौम्य करण्यासाठी, म्हणजे आधीच्या तयारीसाठी बाजूला काढावा, असे त्याने सुचविले. दुष्काळ विमा निधीत जे १८७८ मध्ये ठरून मोडले होते, ते पुन्हा एकदा, अधिक शहाणपणाने ठरले, असे म्हणता येईल.

असे असले तरी पंचनामा आजही पंचनामाच आहे. घरात पाणी शिरले की तलाठी येतो, रकाने भरतो, आणि सानुग्रह अनुदान खात्यात जमा होते. ज्या बाईचे स्वतःचे बँक खाते नाही, भाडेकरार नाही, रेशनकार्डावर नाव नाही, ती आजही रकान्याच्या बाहेरच राहते. घरकाम करणारी, पोळीभाजी करून देणारी, घरात बसून शिवणारी बाई आपल्या वस्तीत किती आहेत ते आपण जाणतो. त्यांचे शिवणयंत्र बुडाले तर ते संसाराच्या सामानात मोजावयाचे की धंद्याच्या? पंचनाम्याच्या दिवशी तेथे बोलावयाला कोणी असेल तर उत्तर निघते. नसेल तर निघत नाही.

माझे मत

आता दोन्ही ठरावांवर माझे मत सांगून लेख संपविते.

पाळणाघरासाठी अनुदानाचा अर्ज करावा, असे मला वाटते. परंतु तो तीन गोष्टी आधी पक्क्या करून करावा. पहिली: अनुदानाचे खाते निराळे ठेवावे आणि त्यातला पैसा दुसऱ्या कामाला, मग ते कितीही चांगले असो, उसना देखील घेऊ नये. गणपतीच्या कार्यक्रमाला कमी पडले म्हणून पाळणाघरातून घेतले, असे एकदा झाले की अफगाण युद्धाला वेळ लागत नाही. दुसरी: हप्ता उशिरा येतो हे गृहीत धरून, मदतनीस बाईंचा सहा महिन्यांचा पगार मंडळाच्या शिलकीत आधी असावा. सरकारी पैसा मार्चअखेर येईल. तिच्या घरची चूल रोज पेटते. तिसरी: कीर्द, हजेरीपट, जडसंग्रहाची नोंदवही ही कामे एकटीच्या गळ्यात न घालता दरवर्षी दोन नव्या भगिनींना शिकवावीत. माझ्यामागे हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न मंडळाला पडता कामा नये. जाच वाटतो तो हिशेब येत नाही तोवर. हिशेब आला की तोच आपले चिलखत होतो.

आपत्ती निधीचा ठरावही मंजूर व्हावा. तो मोठा नसला तरी चालेल. सरकारी मदत पंचनाम्यानंतर येणार. पहिल्या दोन दिवसांचे दूध, औषध, कोरडे कपडे आणि सॅनिटरी पॅड हे शेजारणीनेच द्यावयाचे असते. तेथे पदरमोडीला पर्याय नाही. आणि निधीइतकेच एक कामही हाती घ्यावे. वस्तीतल्या प्रत्येक बाईचे स्वतःच्या नावाचे खाते आहे की नाही, कागद सुरक्षित आहेत की नाही, एकटी राहणारी, अंथरुणाला खिळलेली, गरोदर कोण आहे, याची वही पावसाळ्यापूर्वी दरवर्षी भरावी. किल्लारीच्या बायकांनी हे भूकंपानंतर केले. आपल्याला ते आधी करता येईल. त्याला अनुदान लागत नाही, दोन दुपार लागतात.

सरकारचा पैसा घेतल्याने कोणी मिंधे होत नाही, आणि न घेतल्याने कोणी स्वाभिमानी ठरत नाही. तो कोणाच्या नावाने आला, कोणत्या कामाला लागला आणि त्याचा हिशेब कोणी दिला, यावर सारे अवलंबून असते. या तीनही प्रश्नांना सभेत उभे राहून उत्तर देता येईल असे मंडळ आपण चालवीत आहोत, असा माझा विश्वास आहे. सर्व भगिनींनी वार्षिक सभेला अवश्य यावे, आणि येण्यापूर्वी या स्मरणिकेतले जमाखर्चाचे पान एकदा वाचावे, ही आग्रहाची विनंती.